गल्ल्याची किल्ली आणि भाच्याचा पासवर्ड

तालुक्याच्या बाजारपेठेतल्या जुन्या दुकानदाराकडे गल्ल्याची किल्ली मागून बघावी. ती करगोट्याला असते, जानव्याला असते, नाहीतर बंडीच्या आतल्या खिशात. सख्ख्या भावाच्या हातात कधीच नसते. तीस वर्षं दुकानात असलेल्या नोकराला उधारीची वही उघडायची मुभा असते, मालकाच्या मुलीच्या लग्नात आग्रहाने जिलेबी वाढायचा मान असतो, पण किल्ली? आंघोळीला जाताना मालक ती साबणाच्या वडीशेजारी ठेवतो.

याच मालकाला दुकानाच्या ईमेलचा पासवर्ड विचारावा.

"ते भाच्याला माहीत."

भाचा कुठे असतो?

"बंगळुरात. म्हणजे होता. आता बहुतेक कॅनडात. थांबा, हिला विचारतो."

पंप, पाइप आणि नळाच्या तोट्या विकणारं हे दुकान नमुन्यादाखल घ्यायला हरकत नाही. गावाचं नाव सांगायची गरज नाही. वाचकाच्या गावातही ते आहे, बहुधा स्टँडजवळ. भाचा बारावीच्या सुट्टीत आला होता तेव्हा मामाने त्याला ईमेल काढून द्यायला बसवलं. दुकानाच्या नावाचा पत्ता शिल्लक नव्हता, कारण श्री, गणेश आणि ट्रेडर्स या तीन शब्दांची जितकी म्हणून जुळणी होते तितकी महाराष्ट्रात कुणी ना कुणी आधीच करून ठेवलेली असते. मग भाच्याने स्वतःचाच पत्ता देऊन टाकला. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला आजही जे दरपत्रक जातं ते 'रॉकस्टार', मग 'कूल', मग भाच्याचं जन्मसाल अशा पत्त्यावरून जातं. बिलाच्या तळाशी तोच छापलेला आहे. त्याबद्दल अजून कुणी काही विचारलेलं नाही, पण टेबलापलीकडचे साहेब मालकाकडे जरा निरखून बघतात.

गंमत अशी की या पत्त्याच्या मधोमध जी वेटोळी खूण बसली आहे ती मुळात व्यापाऱ्याचीच. जगभर इंग्रजी बोलणारे लोक तिला नुसतं 'ॲट' म्हणतात. आपल्याकडे फोनवर पत्ता सांगणारा प्रत्येक माणूस 'ॲट द रेट' म्हणतो आणि इंग्रजीचे मास्तर त्याला हसतात. मास्तरांनी हसू नये. बारा डझन, दर डझनाला इतके रुपये, असं हिशेबात मांडताना 'दराने' या अर्थी हीच खूण घालत. १५३६ साली फ्रान्चेस्को लापी नावाच्या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने सेव्हिलहून रोमला धाडलेल्या पत्रात ती सापडते, आणि तिथे ती वाइन मोजायच्या मापासाठी वापरली आहे. म्हणजे खूण आली पेठेतून. पुढे १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याला माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यात घालायला एक चिन्ह हवं होतं. टंकाच्या पट्टीवर ही खूण बेकार बसलेली दिसली, ती त्याने उचलली. पहिला ईमेल त्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवला. दोन्ही यंत्रं एकाच खोलीत शेजारी शेजारी होती.

हे ऐकून आपल्या मालकाला मुळीच नवल वाटणार नाही. तोसुद्धा मेल पाठवला की लगेच फोन उचलतो. "मेल टाकलाय, बघा." मग व्हॉट्सॲपवर 'मेल सेंट, प्लीज चेक'. मग समोरच्याचा फोन: "मेल दिसत नाही, व्हॉट्सॲपलाच टाका ना." मग तेच दरपत्रक व्हॉट्सॲपवर. काही मुरलेले व्यापारी यानंतर माणूस पाठवून कागद पोचवतात आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का आणवतात. तेव्हा कुठे ईमेल पोचला असं धरलं जातं.

मग ईमेल हवाच कशाला? व्हॉट्सॲपचं धंदेवाईकांसाठीचं वेगळं ॲप भारतात २०१८ च्या जानेवारीत आलं आणि किरकोळ विक्रीपुरतं ते खरोखर पुरतं. पण कारखान्याचा खरेदी विभाग, बँक, सरकारी खरेदीचं पोर्टल ही मंडळी दुकानाकडे ईमेल मागतात, आणि एकदा दिलेल्या पत्त्यालाच दुकान समजतात. गाठ तिथेच पडते. १ जुलै २०१७ ला जीएसटी सुरू झाला तेव्हा नोंदणीसाठी झुंबड उडाली होती. मालकाने कागदांची पिशवी टॅक्सचं काम बघणाऱ्या माणसाच्या टेबलावर ओतली आणि "तुम्हीच काय ते करा" म्हणाला. त्यांनी केलं. अर्जात ईमेल त्यांचा, मोबाइलही त्यांचाच. पुढे फीवरून वाजलं, दोघांची तोंडं दोन दिशांना झाली, आणि दुकानाच्या खात्यात शिरायचा ओटीपी मात्र जुन्या माणसाच्या खिशात वाजत राहिला. असे मालक इतके निघाले की २०१८ मध्ये सरकारलाच खुलासा काढावा लागला: मध्यस्थाने स्वतःचा ईमेल आणि मोबाइल घातला असेल तर आपल्या हद्दीतल्या कर अधिकाऱ्याकडे कागदपत्रं घेऊन जा, तो बदलून देईल. साबणाच्या वडीशेजारी किल्ली ठेवणारी माणसं स्वतःच्याच दुकानात शिरण्यासाठी ओळखीचा पुरावा घेऊन रांगेत उभी राहिली.

वेबसाइटची कथा याहून रंगतदार, कारण तिच्यात जमीन आणि बांधकाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. नाव, म्हणजे डोमेन, ही जमीन. त्यावर दिसतात ती पानं हे बांधकाम. डोमेन कुणाच्या नावावर नोंदलं आहे हा त्या जमिनीचा सातबारा. खऱ्या सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव राहिलं म्हणून दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा माणूस डोमेनचा सातबारा खुशाल वेबसाइटवाल्या पोराच्या नावावर ठेवतो. पोरगं प्रामाणिक असतं, यात वाद नाही. पण ते स्पर्धा परीक्षेला बसतं, पास होतं आणि तलाठी म्हणून गडचिरोलीला रुजू होतं. मग नूतनीकरणाची आठवण करून देणारे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर येत राहतात आणि एका सकाळी दुकानाच्या पाटीऐवजी पडद्यावर भलतीच जाहिरात झळकते.

हसण्याआधी थोरामोठ्यांकडे बघावं. १९९९ च्या नाताळात हॉटमेलचं दार एकाएकी बंद झालं, कारण लॉग-इनसाठी लागणाऱ्या 'पासपोर्ट डॉट कॉम'चे पैसे भरायचं राहून गेलं होतं. कुणाचं? मायक्रोसॉफ्टचं. शेवटी मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून टाकले आणि जगभरच्या लोकांची पत्रपेटी उघडली. पुढे २०१५ मध्ये मूळ कच्छच्या मांडवीच्या सन्मय वेद यांनी गुगलच्याच दुकानात सहज चाळताना 'गुगल डॉट कॉम' विक्रीला आहे असं पाहिलं, १२ डॉलर मोजले, आणि चक्क मिनिटभर ते नाव त्यांचं झालं. गुगलने सौदा रद्द करून त्यांना ६,००६ डॉलर आणि १३ सेंट बक्षीस दिलं. आकडे ओळीने इंग्रजी अक्षरांसारखे वाचले तर 'गुगल' असं दिसतं. वेद यांनी ती रक्कम दान करायची ठरवली तेव्हा कंपनीने ती दुप्पट केली. आपल्या मालकाच्या नशिबी असा विनोदी स्वभावाचा खरेदीदार येईलच असं नाही.

खर्च म्हणाल तर साध्या डोमेनचं वर्षाचं भाडं दुकानातल्या महिन्याच्या चहापेक्षा कमी असतं, आणि डॉट कॉमसारखं नाव एकदम दहा वर्षांसाठीसुद्धा घेऊन ठेवता येतं. मुदत उलटली तरी लगेच आभाळ कोसळत नाही. नोंदणी करणारी कंपनी बहुधा काही दिवस थांबते, त्यानंतर तीस दिवस जास्तीचा दंड भरून नाव सोडवता येतं, मग पाच दिवस ते कुणाचंच नसतं आणि मग ज्याचा हात आधी पोचेल त्याचं. हे सगळे इशारे नोंदणीतल्या ईमेलवर येतात. त्यासाठी तो ईमेल मालकाचा असावा लागतो आणि मालकाने तो उघडावा लागतो. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे.

काही चतुर लोकांनी फुकटची वाट शोधली होती. गुगलवर दुकानाची नोंद केली की एक साधी वेबसाइट आपोआप मिळायची. २०२४ च्या मार्चमध्ये गुगलने ती सोय गुंडाळली. भाड्याची टपरी महापालिकेने हलवावी तसं झालं, फक्त इथे मोर्चा नेणार कुठे? नकाशावरची नोंद मात्र अजून फुकट आहे, आणि खरं सांगायचं तर तोट्या विकणाऱ्याला तीच जास्त गिऱ्हाईक देते. तिच्यावर दुकानाच्या वेळा खऱ्या घालाव्यात एवढंच. चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली त्याची बातमी झाली. स्टँडजवळच्या दुकानाने सोमवारची सुट्टी मंगळवारवर नेली तर ते छापायला कुणी बातमीदार येणार नाही. पंप जळालेला शेतकरी बारा किलोमीटर मोटारसायकल हाणत येतो, बंद शटर बघतो आणि शेजारच्या पानवाल्याला मालकाच्या कुळाबद्दल चार गोष्टी सांगून परत जातो.

आता त्या वेबसाइटवर असतं काय? सर्वांत वर दोन गोरे साहेब हस्तांदोलन करताना दिसतात. त्यांचा पाइपशी संबंध नाही. ते दातांच्या दवाखान्याच्या, बिल्डरच्या आणि मंगल कार्यालयाच्या वेबसाइटवरही हेच करत असतात. त्याखाली 'आमचं ध्येय', त्याखाली 'आमची दृष्टी'. दीड इंची तोटी केवढ्याला, हे कुठेच नाही. फोन नंबर आहे, पण तो व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोत आहे. बोट लावून फोन लागत नाही. गिऱ्हाईकाने अर्धा आकडा पाठ करायचा, तो दाबायचा, परत यायचं, उरलेला पाठ करायचा. तालमीत जोर मारल्यासारखं.

'आमच्याविषयी' या पानावर कधीकधी लॅटिन असतं. वेबसाइटवाल्याने जागा भरायला म्हणून 'लोरेम इप्सम' असा मजकूर टाकलेला असतो, मालक तो कंपनीचं इंग्रजी समजून अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो. हा मजकूर दोन हजार वर्षांपूर्वीच्या सिसेरो या रोमन वक्त्याच्या ग्रंथातला उतारा मोडतोड करून बनवलेला आहे आणि मूळ उतारा वेदनेबद्दल आहे. पाइपवाल्याला त्याचा उपयोग नाही. सांधेदुखीच्या तेलवाल्याने मात्र तो काढू नये.

मराठी वेबसाइटचं दुखणं वेगळं. मालकाने मोठ्या हौसेने मराठी मजकूर लिहून घेतलेला असतो, पण तो छापखान्यातून. पत्रिका आणि हँडबिलं ज्या जुन्या श्रीलिपी किंवा तत्सम पद्धतीच्या फाँटमध्ये जुळवतात त्यात पडद्यावर 'क' दिसला तरी आत 'क' नसतो; एखाद्या इंग्रजी अक्षराला 'क'चा मुखवटा चढवलेला असतो. तोच मजकूर वेबसाइटवर चिकटवला की मुखवटा गळतो आणि 'आमचे येथे सर्व प्रकारचे पाइप मिळतील' या वाक्याच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची दंगल दिसते. उपाय सोपा आहे, सगळं युनिकोडमध्ये टाइप करायचं; कुणाच्याही फोनवरचा मराठी कीबोर्ड तेच करतो. २०१४ पासून तर 'डॉट भारत' असं देवनागरी डोमेनही मिळतं. पाटी मराठी, पत्ताही मराठी. घेतलं तर सोबत एक साधं इंग्रजी डोमेनही असू द्यावं, कारण देवनागरीतला ईमेल पत्ता दिसला की काही सरकारी आणि खासगी अर्ज अजून लाल अक्षरांत ओरडतात.

याच वेबसाइटवर 'आमच्याशी संपर्क साधा' असं एक कोष्टक असतं. ते भरून 'पाठवा' दाबलं की मजकूर कुठे जातो? मालक म्हणतो, आपल्याकडे. एकदा स्वतः भरून बघावं. बऱ्याचदा तो त्या तलाठी झालेल्या पोराच्या पत्त्यावर जात असतो. तिथे सोलरच्या पंपांची, ठिबकच्या नळ्यांची विचारणा दोन-तीन वर्षं साचलेली असते, आणि इकडे मालक सांगत असतो, "ऑनलाइनचं आपल्या भागात काही चालत नाही."

विषयाची ओळ हे आणखी एक प्रकरण. आपल्या व्यापाऱ्याला नवा मेल सुरू करणं म्हणजे कोरी वही फाडण्यासारखं उधळपट्टीचं वाटतं. तो समोरच्याचा सापडेल तो जुना मेल उघडतो आणि त्यालाच उत्तर देतो. म्हणून 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' या विषयाखाली चाळीस पाइप फुटके निघाल्याची तक्रार असते. सोबत जोडलेला कॅटलॉग ४० एमबीचा. जीमेल २५ एमबीच्या वरचं जोडू देत नाही, ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवायला लावतं, आणि त्या दुव्याची परवानगी द्यायची राहते. समोरचा परवानगी मागतो. ती मागणी कुणाकडे जाते? भाच्याकडे. कॅनडात तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात.

आणि दिवाळीचं शुभेच्छापत्र! तीनशे गिऱ्हाइकांचे पत्ते सरळ 'टू'च्या रकान्यात. या प्रकाराला परंपरा आहे. १९७८ मध्ये गॅरी थुर्क या विक्रेत्याने संगणकांच्या प्रदर्शनाचं आमंत्रण सुमारे चारशे जणांना एकगठ्ठा पाठवलं. पत्ते इतके की त्यांच्या जागेत मावले नाहीत, खाली मजकुरात सांडले. जगातला पहिला स्पॅम तोच मानतात. शिव्या पडल्या, पण माल खपला म्हणे. पुढे २०१६ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणीचा मेल चुकून आठ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना गेला, आणि "मला यातून वगळा" असं कित्येकांनी सगळ्यांनाच कळवल्यामुळे यंत्रणा गुदमरली. आपल्याकडे एवढं होत नाही. आपल्याकडे ती तीनशे पत्त्यांची यादी चौकापलीकडच्या दुसऱ्या पाइपवाल्यालाही जाते, कारण तोही गिऱ्हाईकच असतो, आणि पाडव्याच्या दिवशी सगळ्यांना त्याचा मेल येतो: दहा टक्के सूट. 'बीसीसी' नावाचा रकाना नेमका यासाठीच आहे. त्यात घातलेले पत्ते एकमेकांना दिसत नाहीत.

घाऊक शुभेच्छा हल्ली पोचतीलच असंही नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने पाठवणाऱ्यांवर नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना सगळे नियम लागू आहेत, पण स्वतःच्या डोमेनवरून मेल पाठवणाऱ्या लहान दुकानालाही आपण कोण हे सिद्ध करावं लागतं. त्या कागदपत्रांची नावं एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. मालकाने ती समजून घ्यायची गरज नाही. वेबसाइटवाल्यासमोर तिन्ही नावं सावकाश उच्चारावीत आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघावं. चेहरा पडला तर माणूस बदलावा.

एका बाबतीत मात्र हसू आवरतं घ्यावं लागतं. २०१५ मध्ये ओएनजीसीने नाफ्था निर्यात केला आणि परदेशी खरेदीदाराने १९७ कोटींच्या घरातले पैसे भलत्याच खात्यात भरल्याचं प्रकरण मुंबई पोलिसांकडे आलं. खातं बदलल्याचा मेल खरा वाटला, कारण पत्त्यात फक्त दोन अक्षरं इकडची तिकडे होती: 'एन-जी'च्या जागी 'जी-एन'. एवढ्या मोठ्या व्यवहारात जे नजरेतून सुटलं ते तोट्या मोजता मोजता मेल वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटेल. इथे तो "मेल टाकलाय, बघा" वाला फोन खरा कामाचा. पुरवठादाराच्या नावाने 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा मेल आला की त्यातल्या नंबरवर नव्हे, वहीतल्या जुन्या नंबरवर फोन लावायचा आणि आवाज ओळखायचा. पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, तोही त्याच घटकेला. उद्या सकाळी पोलीस पाटलांना विचारून नव्हे.

आपल्या मालकाने यातलं बरंच काही मनावर घेतलं. मामीमार्फत भाच्याला गाठलं. भाचा गणपतीला आला तेव्हा मोदक पुढे ठेवून त्याला खुर्चीत बसवलं. दुकानाच्या नावाचं डोमेन घेतलं, मालकाच्या नावावर आणि मालकाच्या मोबाइलवर, पाच वर्षांसाठी. 'रॉकस्टार' निवृत्त झाला. "मामा, ओटीपी आला का?" असं भाच्याने विचारावं आणि मामाने तो डोळ्यांजवळ धरून एकेक आकडा खणखणीत वाचावा, असा सोहळा अर्धा तास चालला.

"आता पासवर्ड कुठेतरी नीट ठेवा, मामा. मागच्या वेळेसारखं नको."

मागच्या वेळी तो कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिला होता आणि एक जानेवारीला रद्दीत गेला होता. या वेळी मालकाने तो स्वच्छ अक्षरात एका कार्डावर लिहिला, पाकिटात घातला आणि पाकीट गल्ल्यात, किल्लीच्या पहाऱ्यात ठेवलं.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला गल्ला धुऊनपुसून चौरंगावर आला. कीर्द, खतावणी, मापं, नाण्यांची थैली. पाकिटाकडे बघून मालक क्षणभर थांबला. धंद्याची किल्ली आहे, पूजा व्हायला हवी. कार्ड बाहेर काढून त्याने ताम्हनाला टेकवून उभं केलं आणि वर हळद-कुंकवाचं बोट लावलं. संध्याकाळी लाह्या-बत्तासे घ्यायला पेठेतली पन्नासेक माणसं येऊन गेली. चौकापलीकडच्या पाइपवाल्याने सजावट फार छान झाल्याचं सांगितलं, तीन-चार कोनांतून फोटो काढले आणि जाता जाता स्टेटसला ठेवले.

रात्री कॅनडातून फोन आला. "मामा, स्टेटस बघितलं. ते कार्ड आधी उचला."